एक काळा ठोकळा पुरे

मी पेटी बोलतेय. दागिन्यांची नव्हे, औषधांची नव्हे आणि भजनाला साथ करणारी तर नव्हेच. माणसं निवडायची पेटी आहे मी. निवडायची म्हणजे काय, तर नको असलेली बाहेर ठेवायची. हव्या असलेल्यांसाठी दार पुरतं, त्यांच्यासाठी पेटी कोण कशाला करील?

माझा जन्म मिशिगनमधल्या एका कॉलेजच्या सुतारशाळेत झाला, त्याला आता ऐंशी वर्षं होत आली. लाकूड अक्रोडाचं, मूठ पितळेची. पुढच्या कप्प्यात पांढऱ्या गोट्या आणि काळे ठोकळे एकत्र पडलेले असतात. मागे एक बंद खण, आणि मधल्या फळीला एक भोक. वरचं झाकण असं, की हात आत गेला की मनगटापर्यंत दिसेनासा होतो. माणूस हात घालतो, चाचपतो, गोटी किंवा ठोकळा भोकातून मागे ढकलतो आणि चेहऱ्यावर काही न दाखवता जागेवर जाऊन बसतो. गोटी म्हणजे हो, ठोकळा म्हणजे नाही. खणात एक ठोकळा निघाला की उमेदवार बाद. बाकी चाळीस जणांनी हो म्हटलेलं असलं तरी बाद. कारण कुणी सांगायचं नाही आणि कुणी विचारायचं नाही.

ठोकळा कुणी टाकला हे कुणालाच कळत नाही, अशी त्यांची समजूत. मला कळतं. हात माझ्याच पोटात असतो ना!

माझे मालक म्हणजे एक फ्रॅटर्निटी, कॉलेजातल्या मुलांचा बंधुसंघ. तीन ग्रीक अक्षरांचं नाव आहे त्याला, पण ती अक्षरं मी सांगणार नाही, शपथेने बांधलेली बाई आहे मी. चाळीसेक मुलं एका मोठ्या घरात राहतात, एकमेकांना ब्रदर म्हणतात आणि घरी सख्ख्या भावाला फोन करायला विसरतात. दर सप्टेंबरात नवी मुलं बघायला आली की त्यांना खुर्च्यांवर बसवून सांगितलं जाई, की या देशातले निम्मे मोठे साहेब असल्याच घरांतून तयार झालेत. हा आकडा दरवर्षी वाढत असे. तुरुंगात गेलेल्यांचा आकडा मात्र कुणी कधी काढला नाही, वेळ झाला नसेल.

इथे नेतृत्व शिकवतात, असंही सांगत. मी ऐंशी वर्षं नेतृत्व शिकताना पाहिलं आहे. त्यातलं बरंचसं दुसऱ्याकडून जिना पुसून घेण्यात जातं.

आता तुम्ही विचाराल, मिशिगनच्या पेटीला मराठी कशी येते? त्याचं श्रेय कमला रामटेके यांना. त्यांचा मुलगा आयुष पुढे बंधुसंघाचा सेक्रेटरी झाला, आणि नीट सांभाळायला म्हणून त्याने मला आपल्या खोलीत नेलं, कपाटाच्या वरच्या फळीवर. कमलाबाईंचा रोज संध्याकाळी फोन. "जेवला का बाबू? काय जेवला? नुसता पिझ्झा काहून खातो रे?" तीन वर्षं हे ऐकलं. एवढ्यात लाकडाला पालवी फुटेल, मराठी काय घेऊन बसलात!

आयुष आमच्याकडे आला तो २००१ च्या सप्टेंबरात. ट्रॉयचा मुलगा, कॉलेजपासून घर तासा-दीड तासावर. वडील दादाराव नागपूरकडचे, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअर. त्या सप्टेंबरात न्यूयॉर्कचे मनोरे पडले होते आणि पुढच्याच आठवड्यात एका पिकअप ट्रकमधून कुणीतरी आयुषला ओरडून सांगितलं, की आपल्या देशात परत जा. अठरा वर्षांचा पोरगा, जन्म डेट्रॉइटच्या हॉस्पिटलातला. कुठे परत जाणार? तो सरळ आमच्या दारात आला. लोकांना वाटलं नेतृत्व शिकायला आला. मी सांगते, तो घाबरून आला होता. आणि त्यात मला काही वावगं दिसत नाही. अंगात त्या तीन अक्षरांचा शर्ट घातल्यावर तेच पिकअपवाले हॉर्न वाजवून हात हलवू लागले. शर्टात एवढी ताकद असते हे मलाही नवीन होतं.

त्याच्या निवडीला एकही ठोकळा पडला नाही. "माहितीपत्रकाच्या फोटोत एक वेगळा चेहरा बरा दिसेल," असं अध्यक्ष म्हणाले आणि पांढऱ्या गोट्या धडाधड पडल्या.

घोटाळा झाला तो महिन्याभराने, जेवणाच्या टेबलावर. तेव्हा मी जेवणघरातच शेकोटीवरच्या फळीवर असे. टकर नावाचा एक ब्रदर जगातल्या धर्मांचा वर्ग करून नुकताच आला होता, डोक्यात ताजं ज्ञान होतं. त्याने घास चावता चावता विचारलं, "काय रे, तुझी जात कोणती?"

चाळीस चेहरे वळले. टकरच्या मनात काही नव्हतं. त्याने तुझी रास कोणती असं विचारावं, तसं विचारलं. आयुषच्या घरात या प्रश्नाचं उत्तर तयार होतं. दादाराव म्हणत, "आम्ही ते ओझं छप्पन सालीच नागपुरात उतरवलं. आता आम्ही बौद्ध, विषय संपला." पण ते उत्तर द्यायचं म्हणजे ओझं कोणतं होतं हेही सांगावं लागणार. आयुषने जीभ उचलली आणि टाळ्याला लावली.

"वॉरिअर्स," तो म्हणाला. "आमचे पूर्वज सेनापती होते. रामटेके, म्हणजे रामटेकवाले. तिथे आमचा किल्ला आहे."

टेबल बडवून बडवून ताटल्या नाचल्या. त्या दिवसापासून तो जनरल. रामटेकला डोंगरावर देवळं आहेत, तट आहे, सगळं आहे, फक्त ते रामटेक्यांचं नाही. पण मिशिगनमध्ये कोण तपासायला बसलंय?

आणि गंमत बघा, नावाचा गुण लागला. जनरल म्हटल्यावर पोरगा ताठ चालू लागला. ताठ चालतो म्हणून लोक ऐकू लागले, लोक ऐकतात म्हणून पुढच्याच वर्षी सेक्रेटरी झाला. नेतृत्व कसं घडतं यावर जाडजाड पुस्तकं लिहिणाऱ्यांनी एकदा माझ्याकडे यायला हवं होतं. एक थाप आणि एक टोपणनाव, एवढ्यावर काम भागतं.

२००२ च्या सप्टेंबरात सौमित्र आला. ट्रॉयमध्ये आयुषच्या घरापासून चार घरं सोडून राहणारा, एक वर्षाने लहान. दहाव्या वर्षी पुण्याहून आलेला, त्यामुळे इंग्रजीला अजून थोडा पुणेरी वास. त्याची आई प्रतिमाकाकू आणि कमलाबाई यांची घट्ट मैत्री. फॉर्म भरायला तो सेक्रेटरीच्या खोलीत आला तेव्हा टकर तिथेच पलंगावर लोळत होता.

"आयुषदादा, तू आहेस म्हणून मी इथेच अप्लाय करतोय," सौमित्र म्हणाला. मग टकरला इंग्रजीत सांगू लागला, "याचे वडील आमच्याकडे एकदम फेमस आहेत. दरवर्षी चौदा एप्रिलला काय भाषण करतात!"

"जनरलचे वडील? ते पण सैन्यात?" टकरने विचारलं.

"जनरल? कोण जनरल? काका क्वालिटी इंजिनिअर आहेत," सौमित्र हसला. टकरही हसला. त्याला वाटलं, आजकालचे सेनापती नोकरी करत असतील. विषय तिथेच संपला.

पण चोराच्या मनात चांदणं. सौमित्र गेल्यावर आयुष कितीतरी वेळ खुर्चीत बसून होता. हा मुलगा घरात आला तर रोज जेवायला टेबलावर असणार. कधीतरी किल्ल्याचा विषय निघणार. हा काही मुद्दाम करणार नाही, भोळेपणानेच काहीतरी बोलून जाईल आणि वर्षभर उभारलेला जनरल एका घासात पडेल. हे सगळं तो तोंडाने बोलला नाही. पण कपाटाचं दार उघडं होतं आणि पोराचा चेहरा मला दिसत होता.

निवडीची सभा रविवारी दुपारी तळघरात झाली. सौमित्रचं नाव आलं. एकेक हात येऊन गेला. गोटी, गोटी, गोटी. टकरचा हात आला, चिप्सच्या मिठाने माखलेला. गोटी. शेवटी सेक्रेटरीचा हात. तो इतका गार होता, की मला वाटलं आजारी आहे. बोटं गोट्यांवरून फिरली, थांबली, पुन्हा फिरली. मग त्यांनी एक ठोकळा उचलला.

खण उघडला. चाळीस पांढऱ्या, एक काळा.

आमच्याकडे एक रिवाज आहे, मला तो त्यातल्या त्यात माणुसकीचा वाटतो. एकच काळा आला तर अध्यक्ष म्हणतो, "चुकून झालं असेल. पुन्हा एकदा." म्हणजे ज्याचा हात चुकला त्याला सुधारायची संधी. पुन्हा हात आले. मी वाट पाहत होते. मी लाकडाची आहे, पण त्या दिवशी मला खरंच वाटत होतं, की या पोराने गोटी उचलावी. त्याचा हात आला. या वेळी तो चाचपत बसला नाही, सरळ ठोकळ्यावर गेला.

पहिल्या ठोकळ्याला मी भीती म्हणेन. दुसऱ्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

घरात सगळ्यांनी टकरवर संशय घेतला. कारण तो एकदा "एक जनरल पुरे की आपल्याला" असं गमतीत बोलला होता. दोन्ही वेळा एकच काळा पडला, ही कुजबुज सौमित्रच्याही कानावर गेली. मला टकरचा फारसा पुळका नाही, पण खरं ते खरं. त्याने दोन्ही वेळा गोटी टाकली होती. बिचाऱ्याला आयुष्यात एकदा चांगुलपणा सुचला आणि त्याचंही श्रेय मिळालं नाही.

डिसेंबरात कमलाबाईंचा फोन आला. "अरे, प्रतिमा रडत होती. सौमित्रने नाव बदललं म्हणते. सॅम सांगतो आता सगळ्यांना. घरात मराठीत विचारलं तर इंग्लिशमध्ये उत्तर देतो. काय झालं रे तिकडे?"

"काय माहीत, आई. कॉलेजमध्ये मुलं चेंज होतात," जनरल म्हणाले.

पुढच्या वर्षी जनरल अध्यक्ष झाले. २००५ च्या मे महिन्यात पदवी घेऊन बाहेर पडले आणि नोकरीच्या मुलाखतीची तयारी माझ्यासमोरच आरशात बघून केली. बिअरची पिंपं वेळेवर आणणं, ते झालं लॉजिस्टिक्स. शेजारच्या म्हातारीची ओरड केकने बंद करणं, ते झालं स्टेकहोल्डर मॅनेजमेंट. नव्या मुलांकडून संडास घासून घेणं, ते झालं टॅलेंट डेव्हलपमेंट. ऐकून मलाच माझा अभिमान वाटू लागला. मी बहुधा ह्यूमन रिसोर्सेस असणार.

नोकरी लागली टेक्सासात, प्लेनोला, एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत. तिथले उपाध्यक्ष हॉलिंग्ज हे आमच्याच बंधुसंघाचे जुने मेंबर. हस्तांदोलन करताना आमच्यात करंगळी एका खास पद्धतीने दुमडतात. आयुषने दुमडली, हॉलिंग्जनी दुमडली आणि मुलाखत तिथेच संपली. "सेनापतींच्या घराण्यातला, रक्तातच नेतृत्व असलेला तरुण," असं हॉलिंग्जनी शिफारसपत्रात लिहिलं. त्याच दिवशी मुलाखतीला स्वानंदी नावाची मुलगी आली होती. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजची, इथे एमएस केलेली, नावावर दोन शोधनिबंध. तिची करंगळी सरळच राहिली. तिलाही घेतलं म्हणा, पण आयुषच्या हाताखाली.

२००६ मध्ये आमच्या घरात नव्या मुलांना छतावरून गादीवर उडी मारायला लावायचा नेतृत्वाचा नवा प्रयोग झाला. गादी कमी पडली. एका मुलाचे दोन्ही पाय मोडले आणि कॉलेजने घराला कुलूप घातलं. सामान जुन्या अध्यक्षांना वाटून टाकलं. मी कागदी कपट्यांत गुंडाळून प्लेनोला आले.

इथे माझा फार मान झाला. आयुषने मला मीटिंगच्या खोलीत ठेवलं आणि हॉलिंग्जना कल्पना भलतीच आवडली. माणूस नोकरीला घ्यायचा तर मुलाखत घेणाऱ्या पाच जणांनी माझ्यात मत टाकायचं. कल्चर फिट म्हणत त्याला. उमेदवाराला सगळं येत असेल हो, पण आपल्यात शोभेल का? दोन वर्षांत किती जण बाहेर राहिले, ते मी मोजलं नाही. बहुतेक ठोकळे एकाच हाताचे असत, त्या हाताची करंगळी वाकडी होती. आयुषची नव्हे, हॉलिंग्जची.

आता २००८ चा जून. दादाराव निवृत्त होऊन कमलाबाईंसह मुलाकडे राहायला आले होते. तिकडे ट्रॉयमध्ये गाड्यांच्या धंद्याला उतरती कळा लागली होती आणि सौमित्रची नोकरी गेली होती. दादारावांनीच मागे लागून त्याचा अर्ज आयुषकडे द्यायला लावला. "चांगला पोरगा आहे. तुझ्या हातात आहे तर कर ना." मुलाखत गुरुवारी होती. आणि आयुषचं डायरेक्टरपदही त्याच महिन्यात ठरायचं होतं. हॉलिंग्जनी जवळजवळ शब्द दिला होता.

रविवारी दुपारी मी आयुषच्या घरी जेवणाच्या टेबलावर होते. ऑफिसात गालिचे बदलत होते म्हणून तो मला घरी घेऊन आला होता, पितळ पुसायला.

"मसाल्याला बरी आहे," पोळ्यांचं पीठ मळता मळता कमलाबाई म्हणाल्या.

दादारावांना मात्र कुठलीही वस्तू दिसली की ती कशी चालते ते बघितल्याशिवाय राहवत नसे. बावीस वर्षं क्वालिटीत काढलेली. त्यांनी हात आत घातला, भोक चाचपलं, खण उघडून पाहिला.

"कसं चालतं हे?"

आयुषने सांगितलं, कौतुकानेच सांगितलं.

"आणि कारण नाही द्यायचं?"

"नाही ना बाबा, दॅट्स द पॉइंट. नो आर्ग्युमेंट्स. कोणाला बॅड फील होत नाही."

"ज्याला बाहेर ठेवलं, त्याला?"

दादारावांनी खण लावून टाकला.

"नागपूरला नोकरी लागली तेव्हा मी खोली शोधत होतो. घरमालक नाव विचारायचा, आडनाव विचारायचा आणि म्हणायचा, अरेरे, आत्ताच दिली हो. अकरा घरं फिरलो. अकराच्या अकरा आत्ताच दिलेली. ही पेटी मला ओळखीची आहे, आयुष. फक्त मी आतापर्यंत हिच्या बाहेरच्या बाजूला उभा होतो." ते जरा थांबले. "तू कधी काळा टाकलास?"

नाही म्हणता आलं असतं. मी काही बोलणार नव्हते. सात वर्षं त्याने याहून मोठ्या थापा सहज पचवल्या होत्या. पण समोर बाप होता आणि त्याने ते रागाने विचारलं नव्हतं.

"एकदा," आयुष म्हणाला. मग म्हणाला, "म्हणजे दोनदा. एकाच मुलाला."

"कोणाला रे बाबू?" कमलाबाईंच्या हातातलं पीठ तसंच राहिलं.

"सौमित्रला."

मग सगळं बाहेर आलं. टकरचा प्रश्न, किल्ला, सेनापती, शिफारसपत्र, सगळं. दादाराव ऐकत होते. ऐकता ऐकता ते खुर्चीत खाली खाली गेल्यासारखे दिसले. मला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुझे आजोबा महार रेजिमेंटमध्ये हवालदार होते," ते म्हणाले. "अठरा वर्षं. त्यांची मेडलं तुझ्या आईच्या कपाटात आहेत. वॉरिअरच सांगायचा होता ना तुला? खरा होता की घरात. खरं सांगितलं असतंस, तरी त्यांनी टेबल बडवलं असतं."

"मला माहीत आहे बाबा. आय वॉज एटीन. आय वॉज स्केअर्ड."

"पहिल्यांदा. दुसऱ्यांदा?"

आयुषचे डोळे भरून आले. "सॉरी बाबा."

"मला काय सॉरी म्हणतो? मी बाद झालो नव्हतो. ज्याला बाद केलंस, त्याला सांग."

"आता? थर्सडेला इंटरव्ह्यू आहे त्याचा. तो तिथे बोलला, हॉलिंग्जना कळलं, तर माझं प्रमोशन..."

"मग काय, टाक तिसरा ठोकळा," दादाराव म्हणाले आणि उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

आयुषने फोन उचलला. स्पीकर लावून तो माझ्याशेजारी टेबलावर ठेवला.

"हॅलो, धिस इज सॅम."

"सौमित्र, आयुष बोलतोय."

"हे मॅन! थर्सडेचं सगळं सेट आहे. थँक यू सो मच, यार. आय रिअली नीड धिस."

"थांब. आधी ऐक. २००२ मध्ये तुला ब्लॅक पडला ना, तो मी टाकला होता."

पलीकडून अगदी हळू आवाजात आलं, "बोथ टाइम्स?"

"हो. दोन्ही वेळा."

"मला वाटलं, टकरने टाकला. मला वाटलं, माझा ॲक्सेंट. माझं नाव. मी नाव चेंज केलं यार! आईशी मराठी बोलणं बंद केलं, शी युज्ड टु क्राय. सहा वर्षं मी शोधतोय, माझ्यात काय रॉंग आहे. आणि ते तू होतास? व्हाय?"

आयुषने सांगितलं, कसंबसं.

"मी तुझं काय सांगणार होतो तिकडे?" सौमित्रचा आवाज चिरकला. "काकांनी मला ड्रायव्हिंग शिकवलं, हे सांगणार होतो. माझ्या बाबांना वेळ नव्हता, म्हणून दर सॅटर्डेला मला घेऊन जायचे, हे. एवढंच माहीत होतं मला तुमच्याबद्दल."

खिडकीशी उभ्या असलेल्या दादारावांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

मला वाटलं, सौमित्र आता फोन ठेवणार. पण त्याने ठेवला नाही. पुढचं तो सगळं मराठीत बोलला, अडखळत, शब्द शोधत.

"मी येणार गुरुवारी. मला नोकरी पाहिजे, राग धरून बसणं मला परवडत नाही. पण ती पेटी नको. ज्याला नाही म्हणायचं असेल, त्याने माझ्यासमोर म्हणायचं. का ते पण सांगायचं. आणि सगळ्यात आधी तू बोलायचं."

गुरुवारी मीटिंगच्या खोलीत मी नेहमीप्रमाणे टेबलाच्या मधोमध होते, पितळ लखलखीत. पाच जण बसले होते. सौमित्रची मुलाखत संपली आणि हॉलिंग्जनी त्याला बाहेर थांबायला सांगितलं. आयुष म्हणाला, "नाही, त्याला इथेच बसू द्या." मग त्याने मला उचललं आणि खाली जमिनीवर ठेवलं. ऐंशी वर्षांत मला कुणी जमिनीवर ठेवलं नव्हतं. टेबलाखालून मला फक्त बूट दिसत होते, पण ऐकू सगळं येत होतं.

आयुष बोलला. आपण कोण, आजोबा कोण, किल्ला कुणाचा नाही आणि सहा वर्षांपूर्वी या मुलाला कुणी का बाहेर ठेवलं, हे त्याने सांगितलं. त्याच्याकडून मी आजवर ऐकलेल्या भाषणांत हे सगळ्यात वाईट भाषण होतं. त्यात लीडरशिप हा शब्द एकदाही नव्हता. शेवटी म्हणाला, "माझं मत हो. याला काम येतं."

"हो. सगळे प्रश्न बरोबर सोडवलेत त्याने," स्वानंदी म्हणाली. बाकीचे दोघंही हो म्हणाले.

हॉलिंग्जचे बूट मागे-पुढे झाले. "मला वाटतं, हा आपल्यात फिट होत नाही."

"कुठे होत नाही, सर?" सौमित्रने विचारलं. उद्धटपणे नव्हे, खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं.

हॉलिंग्जनी अर्जाची पानं उलटली. पुन्हा उलटली. खुर्ची करकरली. आयुष्यभर ठोकळे टाकलेला माणूस, पण आजवर एकदाही कारण द्यायची वेळ आली नव्हती त्याच्यावर. कारण शोधत होता आणि ते सापडत नव्हतं. कारण नव्हतंच. मला फार ओशाळल्यासारखं झालं, कारण कितीतरी वर्षं ते नसलेलं कारण मीच तर झाकून ठेवत होते.

"ठीक आहे," ते म्हणाले. "घ्या."

तर असं आहे. २००८ साली अमेरिकेत पुष्कळांच्या नोकऱ्या गेल्या, त्यात माझीही गेली. आयुषचं डायरेक्टरपद गेलं. हॉलिंग्ज आता त्याच्याशी हस्तांदोलन करतात तेव्हा करंगळी सरळ ठेवतात. सौमित्र त्याच ऑफिसात आहे. कामापुरतं बोलतो, जेवायला मात्र दुसऱ्या टेबलावर बसतो. क्षमा केली की नाही, ते त्याने सांगितलेलं नाही, आणि आयुषने अजून विचारायचा धीर केलेला नाही.

मी आयुषच्या गराजमध्ये असते, गवत कापायच्या यंत्राशेजारी. कमलाबाईंनी मसाल्यासाठी पुन्हा एकदा मागितलं होतं, पण दादाराव नको म्हणाले. मलाही ते पटलं. हळदीच्या वासाने माझ्या पोटातलं पाप झाकलं जाणार नाही.

एवढंच सांगते, मग गप्प बसते. घर तुमचं, ऑफिस तुमचं, सोसायटी तुमची. कुणाला आत घ्यायचं ते तुम्ही ठरवा. पण एखाद्याला नाही म्हणायची वेळ आली आणि माझी आठवण झालीच, तर मी इथेच आहे, खुशाल न्यायला या. फक्त येताना कारण घेऊन या.